बोरूचं कुलूप

दिग्विजयनं सकाळपासून फोनवर एकच पालुपद लावलं होतं. "मालक स्वतः येतायत, अक्का. वकील बरोबर असतील, पण भांडायला नाही, मिटवायला येतायत. तेवढं तुझं तोंड जरा आवर."

शेवटच्या फोनला आशालतानं "बरं" एवढंच म्हणून रिसीव्हर खाली ठेवला आणि पावट्याच्या आमटीखालचा गॅस बारीक केला.

तोंड आवरायला सांगणारा हा तिचा धाकटा भाऊ पुण्यात अक्षरवेल सिस्टिम्समध्ये विक्रीचा प्रमुख होता. अक्षरवेलचे मालक कारखानीस आज रिह्याला, ह्या माहेरच्या घरी, येणार होते, ते आशालतावर, म्हणजे पिरंगुटच्या मावळ मुद्रणालयाच्या मालकिणीवर, बजावलेल्या नोटिशीचा निकाल लावायला. त्या नोटिशीत दुसरं नाव होतं मृण्मयीचं. मृण्मयी ही दिग्विजयचीच मुलगी. बाप नोटीस काढणाऱ्यांचा नोकर आणि लेक नोटिशीची धनी, असं सगळं घरातल्या घरात येऊन बसलं होतं.

सुनीती, दिग्विजयची बायको, परातीत भाकरी थापत होती. सकाळच्या बसनं आल्यापासून तिनं नणंदेशी पीठ, मीठ, तवा यापलीकडे शब्द काढला नव्हता. आता तिनं हात थांबवला.

"अक्का, एक विचारू?"

"विचार की."

"तुमच्या छापखान्यापायी माझी मुलगी कोर्टाची पायरी चढली, तर तिच्या कंपनीत तिला कोण ठेवील? हिंजवडीत असल्या गोष्टी लपून राहतात का? आणि ह्यांचं काय? उभं आयुष्य त्या माणसापाशी घातलंय ह्यांनी. उद्या त्यानं हाकलून दिलं तर ह्या वयात कुणाच्या दारात उभं राहायचं?"

आशालतालाही रात्रीपासून हेच टोचत होतं.

"आई, आत्यानं मला काही करायला लावलेलं नाही," दारातून मृण्मयी म्हणाली. ती आदल्या संध्याकाळीच स्कूटीवर येऊन दाखल झाली होती. "मी माझ्या मनानं केलं."

"तू गप्प बस. तुला काय कळतंय?"

"कळत नसतं तर झालंच नसतं ना ते."

सुनीतीनं भाकरी अशी काही तव्यावर आपटली की पिठाचा धुरळा उडाला. पडवीतून तुळजाबाईचं हसणं ऐकू आलं. आशालताच्या वडिलांची, दादासाहेबांची, ही धाकटी बहीण भावाचं घर सोडून चार दिवस कुठं राहायची नाही, आणि तिच्या कानांचं अजून वय झालेलं नव्हतं.

*

हे सगळं सुरू झालं होतं नव्वद सालाच्या शेवटाशेवटाला. दादासाहेबांचा छापखाना तोवर खिळ्यांवर चालायचा. दिग्विजय नुकता अक्षरवेलला चिकटला होता, आणि त्यानंच अभिमानानं संगणक आणि 'बोरू' नावाचा प्रोग्रॅम घरी आणला. मराठी टंकलेखनाचा असा प्रोग्रॅम तेव्हा पंचक्रोशीत कुणाकडे नव्हता. संगणकाच्या पाठीला बोटाएवढं एक लॉक लावायचं. ते लावलं की बोरू उघडायचा, काढलं की मुका. आशालता तेव्हा नवरा गेल्यावर सासवडहून माहेरी परतली होती. ती त्या यंत्रासमोर बसली ती बसलीच. खिळे भंगारात गेले, आणि मुळशीतल्या लग्नपत्रिका, वर्षश्राद्धाची पत्रकं, निवडणुकीची पोस्टरं सगळी तिच्या बोटांतून बाहेर पडू लागली.

दादासाहेबांना मोकळा वेळ मिळाला आणि त्यांनी आयुष्यभर मनात घोळवलेलं काम काढलं. धरणाखाली गेलेल्या गावांतली माणसं जिथं जिथं जाऊन राहिली होती, तिथं तिथं लुना घेऊन जायचं, म्हाताऱ्यांपाशी बसायचं आणि शब्द गोळा करायचे. भाताच्या एकेका खाचराचं नाव, एकेका ओढ्याचं, औताच्या एकेका भागाचं. कागदाच्या चिठोऱ्यांवर ते उतरवून आणायचे आणि दिवसाची कामं आटोपली की आशालता ते बोरूत घालायची. चिठोरे पोत्यात जायचे. पोत्याला ओल लागली, मग वाळवी लागली, तेव्हा कुणी फारशी हळहळ केली नाही. संगणकात सगळं होतं ना.

पुढे एका दुपारी विजेचा दाब वाढला आणि लॉक जळालं. संगणक शाबूत, फायली शाबूत, पण उघडायला काही नाही. आशालतानं अक्षरवेलला फोन केला तेव्हा कळलं, ते लॉक आता बनतच नाही. नवा बोरू घ्या. नवा बोरू घेतला तर जुन्या फायली त्यात उघडतील का? नाही.

हे 'नाही' सांगायला दिग्विजयच आला होता. ह्याच पडवीत, बापासमोर बसून त्यानं सांगितलं होतं, "मी आमच्या इंजिनिअरांना स्वतः विचारलं, दादा. होत नाही ते. शक्यच नाही."

दादासाहेब त्यावर एकदाच बोलले होते. "माजंच लिवल्यालं, माज्याच घरात हाय, आन् मलाच बगाया मिळंना." नंतर त्यांनी तो विषय काढला नाही. पुढच्या दोन वर्षांत काचबिंदूनं त्यांचे डोळे नेले, आणि वाचण्याचाच प्रश्न मिटला.

मृण्मयीला मात्र ते पटलं नाही. यंदाच्या श्रावणात एका शनिवारी ती आली आणि म्हणाली, "आत्या, फाइल आहे म्हणजे आत काहीतरी आहे. आपल्याला वाचता येत नाही म्हणजे ते नाहीच, असं थोडंच?" तिनं फाइल आपल्या पद्धतीनं उघडली, तर पडद्यावर नुसता चिन्हांचा कचरा. आशालता बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "दादांचं पुस्तक राहू दे. आधी लग्नपत्रिका उघड. ढिगानं आहेत. त्यांची पहिली ओळ काय असणार हे मला झोपेत विचार."

तिथं त्यांना वाट सापडली. प्रत्येक पत्रिकेत वर श्री गणेश प्रसन्न, खाली आमच्या येथे श्रीकृपेकरून. छापलेली पत्रिका हातात आणि तिचाच कचरा पडद्यावर. दोन्ही शेजारी ठेवून एकेक अक्षर ओळखायचं. कुठलं जोडाक्षर कुठल्या कळा दाबून येतं हे आशालताची बोटं सांगायची आणि मृण्मयी त्याचा नियम लिहायची. रफारानं फार छळलं, तो बोरूत भलत्याच जागी जाऊन बसायचा. पण दिवाळीच्या आत एका रविवारी दादासाहेबांच्या फाइलीतला पहिला शब्द कुठल्याही संगणकावर वाचता येईल असा पडद्यावर उमटला: 'खाचर'. आशालतानं तो मोठ्यानं वाचला आणि मग तिला पुढचं वाचवेना.

मृण्मयीनं प्रोग्रॅमचं नाव ठेवलं 'किल्ली', आणि कुणीही फुकट घ्यावा म्हणून तो इंटरनेटवर टाकला. चंदगडहून, उमरग्याहून, अंबाजोगाईहून छापखानेवाल्यांची पत्रं यायला लागली. प्रत्येकाकडे जळालेलं लॉक होतं आणि मागे बंद पडलेलं काही ना काही होतं. पाठोपाठ नोटीस आली.

*

गाडी अंगणात थांबली तेव्हा मागच्या खोल्यांतली भाडेकरू पोरं कपडे वाळत घालता घालता थबकून बघत राहिली. दिग्विजय पुढच्या सीटवरून उतरला आणि त्यानं मागचं दार उघडलं. आशालताला ते दार उघडणं आवडलं नाही.

कारखानीस साठीच्या घरातले, शिडशिडीत, बोलायला मऊ. त्यांनी आल्या आल्या वाकून पडवीतल्या खाटेवर बसलेल्या दादासाहेबांच्या पायांना हात लावला. "तुमच्यासारख्या माणसांसाठीच तर बोरू केला आम्ही," ते म्हणाले. बरोबरचा वकील मांडीवर बॅग घेऊन बसला.

चहा झाला. कारखानीसांनीच सुरुवात केली.

"ताई, मी शत्रू म्हणून आलेलो नाही. मराठीला संगणकावर कुणी विचारत नव्हतं, तेव्हा मी चांगली नोकरी सोडून ही अक्षरं घडवली. एकेका अक्षराच्या वेलांटीसाठी जागलोय. आणि वर्षाच्या आत गल्लोगल्ली चोरून वापरायला लागले लोक. लॉक लावलं नसतं तर कंपनी उभी राहिली नसती, बोरूही नसता आणि तुमचा हा कोशही नसता. खरं का खोटं?"

"खरं आहे," आशालता म्हणाली. दिग्विजयनं सुटकेचा निःश्वास टाकला. "मी सगळीकडे सांगते, बोरूसारखी अक्षरं कुणाची नाहीत. प्रोग्रॅम तुमचा, त्याला खुशाल कुलूप लावा. पण आत लिहिलेलं कुणाचं?"

"ते तुमचंच."

"मग ते मला का उघडता येत नाही?"

"हेच तर मिटवायला आलो," कारखानीस हसून म्हणाले.

"सर, मी तुमचा प्रोग्रॅम वाटत नाहीये," मृण्मयी मध्येच म्हणाली. "फॉन्टसुद्धा नाही. लोकांनी स्वतः टाइप केलेलं त्यांना वाचता येतं, एवढंच किल्ली करते. आणि दोन प्रोग्रॅम एकमेकांशी जुळावेत म्हणून उकलून बघायला कायद्यात सूट आहे. मी वाचलंय."

वकिलानं पहिल्यांदा मान वर केली. "ते कोर्ट ठरवेल. आणि तोवर तुमच्या कंपनीलाही आम्हाला कळवावं लागेल."

सुनीती आतल्या दारात येऊन उभी राहिली होती.

तेवढ्यात अंगणात मोटारसायकल फटफटत आली. उतरला तो एक धिप्पाड माणूस, खांद्याला शबनम. भोरकडचे हैबतराव. ते 'वेळवंड वार्ता' नावाचं साप्ताहिक चालवायचे आणि जुन्या अंकांच्या सीड्या घेऊन रविवारी येतो असं त्यांनी आधीच कळवलं होतं. आशालता ह्या गडबडीत ते साफ विसरली होती.

"राम राम. पाव्हणे दिसत्यात. मी बसतो हितंच कडंला," म्हणत ते पायरीवर टेकले, आणि मग त्यांची नजर दिग्विजयवर गेली. "आरं तिच्या! साहेब, तुमी हितं कसं?"

"माझं घर आहे हे," दिग्विजय कसंनुसं म्हणाला.

"असं व्हय! मग बरंच झालं की. आवो, तुमी मला सांगितलंत होत न्हाई, तवापास्नं पंधरा वर्सांचं अंक नुसतं पडून हायेत. आमच्या खोऱ्यात कोन जलमलं, कोन मेलं, कुनाची जमीन कुटं गेली, समदं त्यात. आन् तुमच्या घरातच होतंय व्हय!"

कारखानीसांच्या कपाळावर आठी चढली. "हे घरगुती बोलणं आहे," ते म्हणाले.

"त्यो बसंल," तुळजाबाई म्हणाली. "आमच्या पायरीवरनं आमी कुनाला उटवत न्हाई."

वकिलानं बॅगेतून कागद काढले. कारखानीसांनी आवाज आणखी मऊ केला. "ऐका. किल्ली इंटरनेटवरून काढायची. ते काम चुकीचं होतं असं लिहिलेल्या ह्या कागदावर तुम्ही दोघींनी सही करायची. बाकी सगळं माझ्याकडे लागलं. दावा नाही, हिच्या कंपनीला पत्र नाही, दिग्विजयच्या केसालाही धक्का नाही. आणि दादासाहेबांचा कोश आम्ही छापू. देखणा छापू. आतल्या पानावर अक्षरवेलचं नाव, एवढंच. प्रकाशनाला मी स्वतः येईन."

रस्त्यावरून लवासाकडे खडी घेऊन जाणारा डंपर गेला, त्याचा आवाज ओसरेपर्यंत सगळे थांबले.

"आशा," दादासाहेब म्हणाले. "कर सही."

आशालताला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"दादा?"

"कर म्हंतोय ना. पोरीचं आवघं पुडं पडलंय. दिगूचं घर हाय. माजं काय ऱ्हायलंय आता? शबुद ऱ्हायलं तर ऱ्हायलं, न्हाईतर गेलं. धरनात गावं गेली, तितं ह्ये काय मोटं."

"दादा, याड लागलं का तुला?" तुळजाबाई कडाडली. "माज्या सासूनं मरताना सांगितल्यालं शबुद हायेत त्यात. त्ये ह्या सायबाच्या कुलपात कसं काय गेलं, ह्ये मला आदी सांग!"

"तुळजा, तू गप."

"गप काय? आन् ह्यो पायरीवरचा? तेचं कोन छापनार?"

हैबतराव खाली बघत म्हणाले, "माजं सोडा आजी. घरचं आदी बगा." त्यांचं ते म्हणणं आशालताला तुळजाबाईच्या ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

तिनं कागद हातात घेतला. तिला सही करायची होती, हे खरं. सुनीतीकडे बघितलं की करावीशी वाटत होती. बापानं शब्द टाकल्यावर तर प्रश्नच नव्हता. छापखानेवाल्या बाईची सवय म्हणून तिनं फक्त एक व्यवहारातला प्रश्न विचारला.

"पुस्तक कधी हातात मिळेल? दादांना ऐकवायचंय. आमचं रूपांतर अजून तपासून व्हायचंय, पुष्कळ रफार चुकलेत."

कारखानीस खुलले. मृण्मयीकडे वळून, शाबासकी द्यावी तसे म्हणाले, "तुझं काम चांगलंच आहे, बाळ. पण घाईचं आहे. आमच्याकडे जे आहे त्यात रफार चुकत नाही. जुन्या फायली द्या, आठ दिवसांत अख्खा कोश नव्या बोरूत. आमच्या ऑफिसातल्या मुलांनी केव्हाच करून ठेवलंय ते."

आशालतानं कागद मांडीवर ठेवला.

"केव्हा?"

"म्हणजे?"

"तुमच्या मुलांनी केव्हा करून ठेवलं?"

आपण काय बोललो हे कारखानीसांच्या तेव्हा ध्यानात आलं. वकिलानं त्यांच्या बाहीला हात लावला. पण आपल्या कामाचा अभिमान असलेला माणूस होता तो, खोटं बोलायला त्याला जड गेलं. "नवा बोरू काढला तेव्हाच. जुनं-नवं जुळवायला लागतंच ते."

"म्हणजे माझं लॉक जळालं त्याच्या आधी."

"ताई, धंद्यात काही निर्णय घ्यावे लागतात. जुनं फुकट उघडत राहिलं तर कोण नव्याकडे वळेल? पगार द्यायचे असतात माणसांचे."

"मग मला का न्हाई दिलं?" हैबतराव उठून उभे राहिले. "मी नवा बोरू घेतला की साहेब! इकत घेतला! तरी होत न्हाईच म्हनाला."

"एकाला दिलं की गल्लोगल्ली फुकट फिरतं ते," कारखानीस म्हणाले, पण सगळे दिग्विजयकडे बघत होते. तो खांबाला टेकून उभा होता आणि त्याचा चेहरा आशालताला आठवणाऱ्या कुठल्याच चेहऱ्यासारखा नव्हता. त्याला हे माहीत होतं का, एवढंच तिला हवं होतं. माहीत असतं तर तिनं भावाचं नाव पुन्हा काढलं नसतं.

"सर," तो म्हणाला, "मला होत नाही म्हणून सांगितलं होतं."

"दिग्विजय, आपण ते ऑफिसात बोलू."

"मी विचारायला आलो होतो. तुमच्या केबिनमध्ये. वडिलांचं काम आहे म्हणून सांगितलं होतं मी. तुम्ही इंजिनिअरला आत बोलावलंत आणि त्यानं माझ्यासमोर सांगितलं, होत नाही."

"ऑफिसात म्हटलं ना."

"मी इथं येऊन त्यांना सांगितलं सर. ह्याच जागी बसून. तेव्हा त्यांना दिसत होतं."

दादासाहेबांचा हात खाटेच्या दोरीवर चाचपडत होता, तो थांबला.

आशालतानं कितीतरी वर्षांत भावाला असं उघडं पडलेलं बघितलं नव्हतं. तिच्या रागाला जायला आता जागाच उरली नाही. इतके दिवस तिला वाटत होतं की दिग्विजयनं घर आणि नोकरी ह्यात नोकरी उचलली. त्याला तर उचलायला काही दिलंच नव्हतं कुणी.

आतून सुनीती आली. हाताला पीठ तसंच. तिनं आशालताच्या मांडीवरचा कागद घेतला, तो नीट, शेवटपर्यंत वाचला आणि वकिलाकडे देत म्हणाली, "मृण्मयी, सही करायची नाही."

"आई..."

"करायची नाही म्हटलं ना? 'चुकीचं काम' म्हणे. चुकीचं काम कुणाचं?" मग ती नवऱ्याकडे वळली. "आणि तुम्ही त्या खांबाला किती वेळ धरून राहणार? बसा इकडे."

दादासाहेबांनी नातीला हाक मारली. ती जवळ जाऊन बसली. त्यांनी तिचा हात शोधून धरला.

"नोकरी गेली तर गं?"

"दुसरी बघेन, दादा."

"आन् कोर्टात नेलं तर भिशील?"

"भिईन थोडी. पण काढणार नाही."

म्हातारा लेकीकडे वळला. मग म्हणाला, "आशा, मगाशी म्या सही कर म्हनलं त्ये इसर."

आशालता उठली. तोंड आवरण्याचं वचन तिनं सकाळी दिलंच नव्हतं, नुसतं बरं म्हटलं होतं.

"कारखानीससाहेब, तुमची अक्षरं मी एवढी वर्षं हातानं वापरली. तुम्हाला कमी लेखणार नाही. पण आम्ही तुमच्याकडून लेखणी घेतली होती. जे लिहिलं ते तुमच्याकडे तारण ठेवलेलं नव्हतं. किल्ली आहे तिथंच राहील. तुमच्याकडे तिच्याहून चांगली आहे म्हणता, तर तीही बाहेर काढा. तुमचं नाव होईल. नाहीतर कोर्टात जे व्हायचं ते होऊ दे."

"हे महागात पडेल, ताई."

"पडू दे. स्वयंपाक झालाय. जेवून जा."

ते तिनं मनापासून म्हटलं होतं. दुपारच्या वेळी दारातून उपाशी माणूस जाऊ द्यायचा नसतो. पण कारखानीसांना तो अपमान वाटला असावा. ते तडक गाडीत जाऊन बसले. काच खाली करून त्यांनी हाक मारली, "दिग्विजय, चला."

दिग्विजय सुनीतीशेजारी बसला होता. तो उठला नाही. "तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला. "मी येत नाही." गाडी थोडा वेळ तशीच घरघरत उभी राहिली आणि मग निघून गेली.

*

दावा पुढे खरोखरच लागला. तारखांवर तारखा पडल्या, मृण्मयीला नोकरी बदलावी लागली, आणि दिग्विजयला अक्षरवेलनं आठवड्याच्या आत घरी बसवलं. त्या दुपारी जेवताना कुणाला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं, पण कल्पना सगळ्यांना होती. तरी हैबतरावांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. तुळजाबाईनं त्यांच्या खोऱ्यातली माणसं कोण कुणाची म्हणून अशी उलटतपासणी घेतली की शेवटी कुठूनसं नातंच निघालं.

जेवणं झाल्यावर मृण्मयीनं आतल्या खोलीत लॅपटॉप मांडला आणि हैबतरावांची पहिली सीडी आत सरकवली. आशालता शेजारी बसली. चिन्हांचा कचरा उमटला, मृण्मयीनं कळ दाबली, आणि एका जुन्या अंकाचा मथळा उभा राहिला: वेळवंडच्या शाळेला दुसरा मास्तर मिळाला. हैबतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ह्यो मास्तर," ते म्हणाले, "मागल्या वर्सी वारला. तेच्या पोराला दाखवीन."

पडवीतून दिग्विजयचा आवाज येत नव्हता म्हणून आशालता बाहेर आली. तो पायरीवर एकटाच बसला होता, पाठ घराकडे, मान खाली. तिला वाटलं तो रडतोय. ती दारातच थांबली, कारण त्याला रडताना बघितलेलं आवडायचं नाही, लहानपणापासून.

पण त्याच्या हातात मोबाइल होता, आणि तो एकेक नंबर आठवून दाबत होता. इतकी वर्षं फिरतीवर काढलेला माणूस. उभ्या महाराष्ट्रातले छापखानेवाले त्याला तोंडपाठ होते.

"नमस्कार, दिग्विजय बोलतोय. अक्षरवेलचा... नाही, आता तिथला नाही म्हणा. तुमच्या जुन्या फायली होत नाहीत असं मी सांगितलं होतं. आहेत का अजून?" तो ऐकत राहिला. "भंगारात? सगळंच?" पलीकडचा माणूस आणखी काही बोलत होता. "नाही, तुमची चूक नाही. माझं ऐकूनच दिलंत तुम्ही."

फोन बंद झाला. तो तसाच बसून राहिला, अंगणातल्या पेंढ्याच्या ढिगाकडे बघत. आशालताला वाटलं आता तो उठेल, आत येईल, आणि आज पुरे म्हणेल.

त्यानं पुढचा नंबर लावला.

"नमस्कार, दिग्विजय बोलतोय. बार्शीचे गुरवच ना? जुनं लॉक जळालं होतं तुमचं. त्या फायली टाकून तर नाही ना दिल्या?" तो एकदम ताठ झाला. "आहेत? मग हात लावू नका त्यांना, सांभाळून ठेवा. मी तुम्हाला सांगितलं होतं होत नाही. होतं ते. थांबा, माझ्या मुलीला देतो." आणि मान वळवून, सगळ्या घराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं त्यानं हाक मारली, "मृण्मयी, इकडे ये, ह्यांना सांग कसं होतं ते!"